अडगळीच्या खोलीचे रसायनशास्त्र

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढले, की काम शेवटी एकाच जागेपाशी येऊन अडते. बंगला किंवा रो हाउस असेल तर गॅरेज, फ्लॅट असेल तर माळा आणि बाल्कनीतले कपाट, गावाकडे असेल तर पडवी. मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की आधी गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक आठवतो. ज्यांच्या घराला खरोखरच गॅरेज असते, त्यांचीही गाडी बहुधा फाटकाबाहेर उन्हात उभी असते. आतली जागा रंगाचे डबे, थिनर, फिनेल, अ‍ॅसिड, इन्व्हर्टरची बॅटरी, बागेची औषधे, जुने टायर आणि बाळाच्या कपड्यांची ट्रंक यांनी भरलेली असते.

ही जागा आवरताना आपण बघतो तो आकार. मोठे मागे, लहान पुढे. नेहमी लागणारे हाताशी, वर्षातून एकदा लागणारे वर. पण डब्या-बाटल्यांतले पदार्थ आकाराप्रमाणे वागत नाहीत. ते वाफ सोडतात, एकमेकांशी अभिक्रिया करतात, उन्हात फुगतात आणि काही तर ओल लागताच विषारी वायू सोडतात. त्यातून ही घरातली सर्वांत कमी हवा खेळणारी आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापणारी जागा. त्यामुळे इथे कशाशेजारी काय ठेवले, हा नीटनेटकेपणापेक्षा आरोग्याचा प्रश्न अधिक आहे.

बाटली पाण्याची, आत भलतेच

घरातल्या विषबाधेचे सर्वांत जुने आणि अजूनही न संपलेले कारण म्हणजे चुकीची बाटली. सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागांना रॉकेल प्यायलेली मुले नवी नाहीत. उन्हाळ्यात अशी मुले जास्त येतात, कारण साधे आहे: मुलाला तहान लागलेली असते आणि समोर पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली असते. घरोघरी गॅस आल्यावर रॉकेल कमी झाले; पण त्याच बाटल्यांत आता टर्पेंटाइन, थिनर किंवा गाडीतून काढलेले पेट्रोल असते. दारावर येणारा फिनेलवाला आणि अ‍ॅसिडवालाही माल बहुधा जुन्याच बाटल्यांत भरून देतो. त्यांवर नाव नसते, असले तर आधीच्या पेयाचे. पांढरे फिनेल पाण्यात पडले की दुधासारखे दिसते. बॅटरीत घालायचे पाणी आणि बॅटरीतले अ‍ॅसिड तर रंगाने एकसारखेच.

रॉकेल पोटात गेल्यावर पोटाला फारसे काही करत नाही. धोका फुप्फुसांना असतो. रॉकेल, थिनर, पेट्रोल हे द्रव पाण्यापेक्षा सहज पसरणारे आहेत. गिळताना किंवा उलटी होताना त्यांचे काही थेंब श्वासनलिकेत उतरले, तर ते फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर भराभर पसरतात. वायुकोश उघडे ठेवणारा जो चिकट थर तिथे असतो, तो त्यांच्यामुळे विस्कटतो आणि काही तासांत न्यूमोनियासारखी सूज येते. म्हणूनच अशा मुलाला मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. वर येणारे रॉकेल दुसऱ्यांदा श्वासनलिकेच्या दारावरून जाते. अ‍ॅसिडच्या बाबतीतही उलटी नकोच, कारण ज्या अन्ननलिकेला ते एकदा भाजून गेले तिलाच ते परत भाजते.

यावर उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. रसायन त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्यावे, लेबलासकट. बाटली फुटली-गळली आणि दुसरीत ओतावेच लागले, तर ती खाण्यापिण्याची कधीच नसावी. तिच्यावर पदार्थाचे नाव आणि तारीख मार्करने मोठ्या अक्षरांत लिहावी.

‘मुलांच्या हाताला येऊ नये म्हणून वर ठेवले’ हे उत्तर घराघरात ऐकू येते. ते अर्धेच बरोबर आहे. माळ्यावरची बाटली काढताना ती डोळ्यांच्या वर असते, झाकण सैल असते आणि माणूस एका हाताने स्टूल किंवा भिंत धरून उभा असतो. अशा वेळी सांडलेले अ‍ॅसिड थेट चेहऱ्यावर येते. द्रव रसायनांची योग्य जागा म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या खाली असलेले, पण कुलूप लावलेले कपाट. जड वस्तूही तिथेच, कमरेच्या पातळीला. माळ्यावर हलके आणि कोरडे तेवढेच जावे.

शेजार कोणाचा

शौचालय साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फरशीचे डाग काढायला आणलेले सुटे अ‍ॅसिड त्याहून बरेच तीव्र असते. कपड्यांचे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट; टाकीसाठी आणलेली ब्लिचिंग पावडर त्याच घराण्यातली. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो खंदकात उतरून साचला होता. दार लावलेले न्हाणीघर त्या खंदकाहून फार वेगळे नसते.

हे मिश्रण मुद्दाम कोणी करत नाही. ते होते आवराआवरीत. दोन अर्धवट भरलेल्या बाटल्या दिसतात, दोन्ही ‘साफ करायच्याच’ असतात आणि जागा वाचावी म्हणून एक दुसरीत ओतली जाते. मोकळ्या बाटलीत दुसरे द्रव भरण्याआधी ती विसळली नसेल, तरीही तेच. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचा पुसण्याचा द्रव एकत्र झाला तर क्लोरामाइन हा तितकाच त्रासदायक वायू तयार होतो. डोळे चुरचुरले, छाती आवळली, खोकला सुरू झाला, की ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून घासत न बसता आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

अ‍ॅसिड आणि ब्लीच एका फळीवर नकोत, हे यातून आलेच. अ‍ॅसिडला त्याची वेगळी प्लॅस्टिकची पाटी द्यावी. बाटली गळली तर पाटीत साचेल. एरवीही त्याच्या झाकणातून थोडी थोडी वाफ निसटत असते. ज्या कपाटात अ‍ॅसिड असते त्याच्या बिजागऱ्या, पाने-पक्कड आणि खिळ्यांचे डबे लवकर का गंजतात, याचे उत्तर पुष्कळदा त्या बाटलीत असते. ब्लीचचा स्वभाव याच्या उलट: ऊन आणि उष्णता लागली की त्याची ताकद कमी होत जाते. वर्षभर गच्चीच्या जिन्यात तापलेल्या ब्लीचने जंतू मरतील, हा भरवसा धरू नये.

वर जाणारे आणि खाली बसणारे वायू

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे महाराष्ट्रात कोणत्याही ऋतूत. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती दिसत नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरकते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पंपाच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. स्वयंपाकाचा गॅसही असाच खाली बसतो, त्यामुळे जादा सिलिंडर तळघरात किंवा जिन्याखालच्या बंद खणात ठेवू नये. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी मात्र चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो सर्वांत हलका वायू, छताखाली जमतो आणि हवेत चार टक्के झाला की स्फोटक ठरतो. एकाच बंद खोलीत पेट्रोलचा कॅन, सिलिंडर आणि इन्व्हर्टर ही तिन्ही असतील, तर वरचा झरोका हायड्रोजनला उपयोगी पडेल, पेट्रोल आणि गॅसला नाही. हवा वरून आणि खालून, दोन्हीकडून खेळती हवी. त्याहून सोपे म्हणजे पेट्रोल घरात साठवूच नये. त्यातले बेंझिन दीर्घकाळ श्वासात जाणे रक्ताच्या कर्करोगाला निमंत्रण देते, हे कारणही पुरेसे आहे.

सुताराने किंवा रंगाऱ्याने मागे ठेवलेल्या एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लाकडाला चकाकी देण्यासाठी जवसाचे तेल वापरतात. ते सुकते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. दारावर पसरलेल्या पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला असेल, तर ती आतल्या आत साठत जाते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच चिंध्यांपासून सुरू झाली होती. तीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. या चिंध्या एकेक सुटी पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवून मग टाकाव्यात.

डासांचे, रंगाचे स्प्रे ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नयेत, असे त्यांच्यावरच छापलेले असते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालची खोली त्या आकड्याच्या जवळ सहज जाते. आणि विजेवरच्या दुचाकीची बॅटरी काढून घरात चार्ज करत असाल, तर ती बाहेर पडण्याच्या वाटेवर नको. लिथियम बॅटरी पेटलीच तर दारच बंद होते.

बाळाचे कपडे आणि डांबरगोळ्या

पहिल्या बाळाचे झबले, टोपरे, दुपटी जपून ठेवायची आणि घरात पुढचे बाळ आले की काढायची, ही पद्धत जुनी आणि छान आहे. अडचण आहे ती ट्रंकेत टाकलेल्या डांबरगोळ्यांची. त्या नॅप्थलिनच्या असतात. घन नॅप्थलिनचे पाणी न होता थेट वाफ होते आणि ती कपड्यांत मुरते. मोठ्या माणसाला त्याचा फक्त वास येतो. काही बाळांना मात्र त्याने जिवावरचे दुखणे होऊ शकते.

लाल रक्तपेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारे ‘जी-६-पीडी’ नावाचे एक विकर असते. ते जन्मतःच कमी असलेली माणसे भारतातल्या अनेक समाजांत आढळतात, मुलग्यांमध्ये जास्त. आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसते. अशा बाळाच्या शरीरात नॅप्थलिन गेले की रक्तपेशी झपाट्याने फुटू लागतात. त्यातून बिलिरुबिन वाढते, कावीळ चढते आणि ती प्रमाणाबाहेर गेली तर मेंदूला कायमची इजा होते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आणि पांघरुणे वापरल्याने नवजात बाळांना असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. नॅप्थलिन तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने मालिश केलेल्या अंगातून ते अधिक शोषले जाते. आपल्याकडे बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून ठेवणीतलेच झबले चढवतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

कपडे नुसते झटकून भागत नाही. ते धुवून, कित्येक दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवून वास पूर्ण गेल्याची खात्री करावी. नवजात बाळासाठी तर डांबरगोळीचा वास लागलेला कपडा वापरूच नये. ‘मग कापूर ठेवा’ असा सल्ला लगेच मिळतो. पण कापूर मुलाने गिळला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, आणि कापराची वडी व डांबरगोळी दोन्ही मुलाच्या डोळ्यांना पेपरमिंटच्या गोळीसारख्या दिसतात. कपड्यांना कसर लागते ती घाम, दूध, तेल यांच्या डागांमुळे आणि ओलीमुळे. स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केले, तर गोळ्यांची गरजच पडत नाही.

धान्य, उंदीर आणि फवारणीचे औषध

गावाकडच्या पडवीत फवारणीचा पंप, औषधांच्या बाटल्या आणि धान्याची पोती एकाच भिंतीला टेकलेली असतात. कीटकनाशकाच्या लेबलावर रंगीत त्रिकोण असलेला चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत खाली हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित असा समज आहे. तो चुकीचा आहे, हिरव्याचा अर्थ ‘त्यातल्या त्यात कमी’ इतकाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचे जीव गेले. तेव्हा चर्चा झाली ती शेतातल्या फवारणीची. उरलेली बाटली घरी कुठे जाते, हे मात्र चर्चेत फारसे आले नाही.

धान्यात घालायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या याच भिंतीला सापडतात. हवेतली ओल लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हा वायू गोदामातले किडे मारण्यासाठी आहे, आणि तेही प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली. सर्वसामान्य ग्राहकाला या गोळ्या विकण्याची परवानगी नाही. तरी त्या मिळतात. माणसे झोपतात त्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या कोठीत त्या ठेवणे म्हणजे रात्रभर तो वायू श्वासात घेणे. गहू-डाळ खडखडीत वाळवून हवाबंद कोठीत भरणे हा घरापुरता योग्य उपाय आहे.

उंदरांसाठीच्या मलमात काही वेळा पिवळा फॉस्फरस असतो. ते पावाच्या तुकड्याला किंवा टोमॅटोला लावून कोपऱ्यात ठेवतात आणि रांगणारे मूल तिथवर पोहोचते. या विषाचा फसवेपणा असा, की पहिला दिवस-दोन दिवस मूल बरे दिसते. यकृत निकामी व्हायला लागल्याचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळते. तोंडाला मलम लागलेले दिसले, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवे. घरात सापळा किंवा पिंजराच बरा.

कुलूप लावले की प्रश्न सुटतो का? श्रीलंकेत याचा मोठा प्रयोग झाला. ग्रामीण भागातल्या १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कीटकनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या दिल्या आणि उरलेल्या गावांशी तुलना केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता: पेट्यांमुळे विष घेण्याचे प्रमाण कमी झाले नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. माणसाच्या मनात उठलेली लाट पुष्कळदा काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुढचे सारे ठरते. लहान मुलांपासून बाटली लांब ठेवायला कुलूप हवेच. पण घरात कोणी खचलेले, कर्जाने किंवा दारूने वेढलेले असेल, तर औषध घरात नसणे हेच खरे रक्षण. फवारणीपुरतेच आणावे. अशा माणसासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

ओल आणि टायर

जुना टायर ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवला जातो आणि सहसा कधीच लागत नाही. डेंगीच्या एडिस डासाला मात्र तो लागतो. या डासाची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी ओतून टाकले तरी अंडी राहतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आशियाई वाघ-डास आढळला, तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांतूनच तिथे पोहोचला असे मानले जाते. टायर ठेवायचाच असेल तर छताखाली. नुसता उपडा करून भागत नाही, आतली कड ब्रशने घासावी लागते.

पावसाळ्यानंतर खोली उघडताना उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नयेत. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसून घ्याव्यात. लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रातून ओलीत उतरतात आणि हातापायाच्या जखमेतून शिरतात.

आवरून झाल्यावर उरलेले काय करायचे? रंगाचे डबे, कीटकनाशकाचे कॅन, जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते; तो ओल्या-सुक्यापासून वेगळा देणे अपेक्षित आहे. सगळ्याच नगरपालिकांची गाडी तो वेगळा घेते असे नाही. तरी मोरीत ओतणे किंवा जाळणे हा पर्याय नव्हे. जुनी बॅटरी दुकानदार नवी देताना परत घेतो.

आणि कोणी काही प्यायले किंवा गिळलेच, तर उलटी करवू नये, घरगुती उतारा देऊ नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास डॉक्टरांना आणि नागरिकांना माहिती देते. रुग्णालयात जाताना ती बाटली, डबा किंवा पाकीट, जे हाती लागेल ते, बरोबर घेऊन जावे. उपचार कोणता करायचा हे डॉक्टरांना लेबलावरच्या नावावरून लवकर ठरवता येते.